१ ऑगस्टचा दिनविशेष कसा लिहावा?

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न थोडक्यात असा: परिपाठातला दिनविशेष यंदा त्यांच्याकडे आला आहे. १ ऑगस्टचा मजकूर काढायला त्या बसल्या तर मोबाइलवर चाळीस-पन्नास नोंदींच्या याद्या मिळाल्या आणि त्या एकमेकींशी जुळेनात. लोकमान्य टिळकांचं निधन कुठे ३१ जुलै, कुठे १ ऑगस्ट. त्याच दिवशी अण्णा भाऊ साठे यांची जयंती, म्हणजे एकाच टेबलावर दोन फोटो. आधी कोणाबद्दल बोलायचं? आणि जगातल्या लढाया, शोध, सिनेनट यांतलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय?

बाई, वर्तमानपत्रात हा रकाना मी बरीच वर्षं सांभाळला. हे काम सहसा नव्या उमेदवाराच्या गळ्यात पडतं, कारण लांबून ते सोपं दिसतं: मागच्या वर्षीचा मजकूर काढा, एखादी ओळ बदला, पानाला लावा. म्हणूनच एकदा घुसलेली चूक दर वर्षी नव्याने छापली जाते. आता तर एका संकेतस्थळावरची चूक संध्याकाळपर्यंत पन्नास गटांत फिरलेली असते आणि मग 'सगळीकडे असंच दिलंय' हाच पुरावा ठरतो. माझा अनुभव असा की या याद्यांतली तारीख बहुधा बरोबर असते. त्या तारखेला नेमकं काय झालं, तिथे गफलत असते. 'सुरू झालं', 'शोध लागला', 'बंद झाली', 'स्थापना झाली' हे चार शिक्के सगळ्या नोंदींवर मारलेले असतात. नोंद उचलताना आधी तो शिक्का खरवडून बघायचा. १ ऑगस्ट हा दिवस त्यासाठी फारच सोयीचा आहे, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक प्रकारचा खड्डा सापडतो.

टिळकांपासून सुरुवात करू. ते गेले मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, ३१ जुलैच्या रात्री बारा वाजून गेल्यावर. इंग्रजी हिशेबाने तारीख मध्यरात्री पालटते, म्हणून १ ऑगस्ट १९२०. पण आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून धरतात, आणि बोलतानाही रात्री साडेबाराला घडलेली गोष्ट आपण 'काल रात्री'च म्हणतो. ज्यांनी ३१ जुलै लिहिलं त्यांनी मनाने काही रचलं नव्हतं. त्यांच्या पंचांगात अजून दिवस उलटलेला नव्हता. तुम्ही १ ऑगस्टच लिहा आणि 'मध्यरात्रीनंतर' हा शब्द घाला, म्हणजे दुसरी तारीख वाचून आलेल्या मुलालाही उत्तर मिळेल. आदल्याच आठवड्यात, २३ जुलैला, त्यांना चौसष्ट वर्षं पूर्ण झाली होती. अंत्यसंस्कार गिरगाव चौपाटीवर झाले, नेहमीच्या स्मशानात नाही. आज तिथे त्यांचा पुतळा उभा आहे.

गंमत अशी की तारीख-तिथीच्या या घोळात स्वतः टिळक आयुष्यभर रस घेत होते. ग्रहगणित आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसत नाही म्हणून पंचांग सुधारायला हवं, हा त्यांचा आग्रह. टिळक पंचांग त्यातूनच आलं. त्याचं गणित इतर पंचांगांपेक्षा वेगळं असल्याने अधूनमधून अधिक महिनाच वेगळा पडतो. २०१२ साली बाकी महाराष्ट्राने अधिक भाद्रपद धरून सप्टेंबरात गणपती बसवले; टिळक पंचांग पाळणाऱ्या घरी ते ऑगस्टमध्येच येऊन गेले. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वादही टिळकांनी 'केसरी'तून चर्चेला घेतला होता. पुढे जेधे घराण्याची शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, त्यांच्या हाती आली, ती छापून निघाली आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या तिथीला मोठा आधार मिळाला. आज आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो ती हीच तिथी. हे मुलांना सांगायलाच हवं असं नाही, पण टिळकांवर बोलताना 'सिंहगर्जना' आणि शेंगांची टरफलं यांच्या पलीकडे काही हवं असेल तर हे हाताशी असू द्या.

आता त्याच दिवसाची दुसरी नोंद: 'असहकार चळवळ सुरू'. बऱ्याच याद्यांत ती टिळकांच्या निधनाच्या लगेच खाली येते आणि मुलं साहजिकच दोन्हींचा संबंध जोडतात, की टिळक गेले म्हणून गांधीजींनी चळवळ पुकारली. तसं नाही. १ ऑगस्ट हा दिवस आधीच जाहीर झाला होता, खिलाफतीच्या प्रश्नावर. त्या दिवशी गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना पत्र लिहून कैसर-ए-हिंद सुवर्णपदक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धसेवेबद्दल मिळालेली पदकं परत केली. नेमकी घटना ही. काँग्रेसने असहकाराचा कार्यक्रम स्वीकारला तो सप्टेंबरात, कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात, आणि डिसेंबरात नागपूरला त्यावर शिक्कामोर्तब झालं. तेव्हा 'काँग्रेसने १ ऑगस्टला असहकार पुकारला' असं दिसलं तर खोडा. 'गांधीजींनी सरकारी पदकं परत करून असहकाराला सुरुवात केली' असं लिहा. मुलांना पदक परत करणं दिसतं. 'चळवळ सुरू' यात त्यांना काहीच दिसत नाही.

आणि त्याच दिवशी, त्याच वर्षी, वाटेगावात अण्णा भाऊंचा जन्म. नाव तुकाराम भाऊराव साठे. याद्यांत 'सांगली जिल्ह्यातील वाटेगाव' असतं. तिथे 'आजच्या' हा शब्द हवा. १९२० साली वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळालं. असली चूक कोणी पकडत नाही, पण एकदा डोळ्यांना सवय लागली की 'महाराष्ट्र राज्यात १८५६ साली जन्म' यासारखी वाक्यंही आपोआप खटकू लागतात.

दर वर्षी १ ऑगस्टच्या भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं: एका सूर्याचा अस्त झाला आणि दुसऱ्याचा उदय. ते टाळा, अशी माझी कळकळीची विनंती. एक तर त्यातून दोघांबद्दलही काही कळत नाही. दुसरं, एकाच तारखेला दोन मोठी माणसं येणं यात नवल फारसं नाही. गणित तुमच्याच वर्गात करून बघा: तेवीस जण एकत्र आले की त्यांतल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते, आणि चाळीसच्या पटाला ती जवळपास नव्वद टक्क्यांवर जाते. वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं आणि थोर माणसं हजारो. तारखा एकमेकींवर आदळणारच. २७ फेब्रुवारी बघा. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून महाराष्ट्रभर मराठी भाषा गौरव दिन होतो, आणि त्याच तारखेला १९३१ साली अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात चंद्रशेखर आझाद लढता लढता गेले हे आपल्या फळ्यावर क्वचितच येतं. आझादांचा जन्म २३ जुलैचा, म्हणजे तिथेही गाठ टिळकांशीच.

योगायोग बाजूला ठेवला तरी टिळक आणि अण्णा भाऊ यांच्यामध्ये एक खरा धागा आहे. तो मुंबईच्या गिरणगावातून जातो. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. न्यायमूर्ती दावर यांनी ती सुनावली २२ जुलैच्या रात्री. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. त्याच दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम बंद ठेवलं आणि शिक्षेच्या एकेका वर्षामागे एक दिवस याप्रमाणे सहा दिवस ठेवलं. लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. राजकीय कारणासाठी इतक्या मोठ्या संख्येने कामगार रस्त्यावर उतरण्याची आपल्याकडची ही पहिली मोठी वेळ.

पुढे वाटेगावचा तुकाराम वडिलांबरोबर पायी मुंबईला आला, पडेल ती कामं केली, गिरणीत राबला, माटुंग्याच्या लेबर कँपात कामगार चळवळीत शिरला. शाळेत तो जेमतेम एक-दोन दिवस गेला होता. अक्षरं मुंबईने शिकवली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं, आणि जो कामगार छत्तीस वर्षांपूर्वी टिळकांसाठी गिरणीबाहेर पडला होता त्याची पुढची पिढी आता अण्णा भाऊंच्या पोवाड्यांना मैदानात गर्दी करू लागली. हे मुलांना सांगता येतं, आणि त्यासाठी सूर्य मावळवावा लागत नाही.

या धाग्यातच तारखेचा एक सुंदर सापळा आहे. टिळकांच्या शिक्षेची आणि त्या संपाची दखल लेनिनने एका लेखात घेतली. तो लेख ज्या रशियन वृत्तपत्राच्या अंकात आला त्यावर तारीख आहे २३ जुलै १९०८. पटकन वाटतं, व्वा, इकडे संप सुरू झाला आणि तिकडे त्याच दिवशी लेख छापून तयार! प्रत्यक्षात रशियात तेव्हा जुनी, म्हणजे ज्युलियन दिनदर्शिका चालायची आणि ती आपल्या तारखेपेक्षा तेरा दिवस मागे होती. त्यांचा २३ जुलै म्हणजे आपला ५ ऑगस्ट. बातमी पोहोचायला आणि लेख लिहायला मधले दिवस लागलेच होते.

ज्युलियनचा हा काटा आपल्या इतिहासातही रुतलेला आहे. १७५२ पर्यंत इंग्रजांनीही जुनीच दिनदर्शिका धरली होती. पोर्तुगिजांनी मात्र १५८२ सालीच नवी घेतली. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक. त्यामुळे एकाच घटनेबद्दल सुरतेच्या वखारीतला इंग्रज एक तारीख लिहितो आणि गोव्याचा पोर्तुगीज अधिकारी दहा दिवस पुढची, आणि दोघेही बरोबर असतात. रायगडावरचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, ही जुन्या पद्धतीची तारीख. नव्या पद्धतीने तो १६ जून. गडावर दर वर्षी तारखेचा एक सोहळा होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीचा दुसरा. मुलं 'खरी तारीख कोणती?' असं विचारतील. तिथी मूळची, बाकी दोन्ही तिच्यावरून काढलेल्या, एवढं उत्तर पुरे.

मुंबईवर आलोच आहोत तर दोन सिनेनावं. भगवानदादा, म्हणजे भगवान पालव, १ ऑगस्ट १९१३ चे. गिरणी कामगाराचा मुलगा, सिनेमात मारामारीपटांतून वर आला, १९५१ च्या 'अलबेला'ने सगळ्या देशाला नाचवलं आणि शेवटी पुन्हा दादरच्या चाळीत परतला. आपल्या वरातीत आणि विसर्जनात जे हातभर अंतरात नाचता येतं, ते नाचणं त्यांचं. मीनाकुमारींचा जन्मही १ ऑगस्टचा आणि मुंबईतला; वर्ष मात्र काही ठिकाणी १९३२, काही ठिकाणी १९३३ छापलेलं दिसेल. असं दिसलं की मी वर्ष गाळून नुसतं 'जन्म' ठेवायचो. रकाना काही जन्मदाखला नाही. प्राथमिक शाळेत मीनाकुमारी नाही घेतल्या तरी चालेल. भगवानदादांचं मात्र नाव काढाच, एखादा मुलगा उठून नाचून दाखवील.

गावाकडच्या शाळेत आणखी एक नोंद हमखास घ्या, कारण ती मुलांच्या घरात पोहोचते: महसूल दिन. आपलं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. सातबारा, फेरफार, शेतसारा हे शब्द मुलांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेले असतात. तलाठी आणि मंडळ अधिकारी त्या दिवशी कार्यक्रमात असतात आणि अलीकडे तर महसूल सप्ताहच पाळतात. जमल्यास तलाठ्यांनाच पाच मिनिटं शाळेत बोलवा. सातबाऱ्याचा एक उतारा हातात धरून 'ही बघा, पीकपाहणी इथे लिहितात' एवढं त्यांनी दाखवलं तरी फळ्यावरच्या दहा नोंदींपेक्षा ते मुलांच्या जास्त लक्षात राहील.

आता जगाकडे. इथे कात्री निर्दयपणे चालवायची.

'१ ऑगस्ट १९१४: पहिलं महायुद्ध सुरू.' ते सुरू झालं २८ जुलैला, ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध पुकारलं. महायुद्धं एका दिवसात सुरू होत नाहीत, आठवडाभर पेटत जातात. म्हणून 'कोणी कोणाविरुद्ध' हे लिहिलंच पाहिजे.

'१ ऑगस्ट १७७४: जोसेफ प्रिस्टले यांनी ऑक्सिजनचा शोध लावला.' प्रिस्टले यांनी त्या दिवशी भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचं तांबडं भस्म तापवलं आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती झगझगीत जळताना पाहिली. हा नवा वायू आहे हे त्यांना पुढे कळलं, आणि स्वीडनच्या शेले यांनी तोच वायू आधी मिळवला होता, फक्त छापायला उशीर केला. विज्ञानाच्या बाईंना विचारा. भिंग आणि मेणबत्ती या दोन गोष्टींवर सहावी-सातवीची मुलं रमतात. लिहायचं मात्र 'प्रयोगात ऑक्सिजन मिळवला'.

'१ ऑगस्ट १८३४: ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद.' कायदा १८३३ सालचा, अंमल या दिवसापासून. पण 'बंद' म्हणावं तर सहा वर्षांखालची मुलंच लगेच मोकळी झाली. बाकीच्यांना शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली त्याच मालकाकडे राबवलं आणि ते ओझं उतरलं १ ऑगस्ट १८३८ रोजी. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळला होता, म्हणजे आपल्याकडे ही तारीख लागूच नव्हती; इथला कायदा १८४३ चा. मॉरिशसमध्येही अंमल १ फेब्रुवारी १८३५ पासून झाला. तिथल्या उसाच्या मळ्यांत मग गुलामांच्या जागी भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, नेले. त्यांत कोकणातलीही माणसं होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव करतात. त्रिनिदादमध्ये तर ऑगस्टच्या सुरुवातीला कोलंबसाच्या आगमनाची सुट्टी असायची. १९८५ पासून ती काढून १ ऑगस्टला गुलाममुक्तीची सुट्टी केली. एका देशाने आपला दिनविशेष बसून बदलला, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. आठवी-नववीला हे जरूर सांगा. लहान वर्गात नको.

१९४४ चा १ ऑगस्ट मी स्वतः कधीच गाळला नाही. त्या दिवशी संध्याकाळी पाचला वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव सुरू झाला. तो त्रेसष्ट दिवस चालला आणि चिरडला गेला. आजही १ ऑगस्टला पाचच्या ठोक्याला वॉर्सात भोंगे वाजतात, गाड्या थांबतात, माणसं रस्त्यात उभी राहतात. त्याच तारखेची अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीतली शेवटची नोंद आहे. तीन दिवसांनी ती पकडली गेली. हे सगळं फार लांबचं वाटेल, पण त्याच वेळी कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. १९४३ पासून १९४८ पर्यंत ती तिथे राहिली: शाळा, प्रार्थनास्थळ, स्काउट, सगळं पोलिश. आज त्या जागी गांधीनगर आहे. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या त्या आसऱ्याची आठवण म्हणून स्मारक उभारलं आहे. तुमची शाळा कोल्हापूर-सांगलीकडची असेल तर जगातली हीच एक नोंद घ्या आणि बाकीच्या सोडा.

उरलेलं झटकन. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन, चीनच्या लष्कराचा दिवस: परिपाठाला काही उपयोग नाही. १९५३ चं 'हवाई वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण': कायदा आधी झाला, त्या दिवशी नव्या महामंडळांनी कारभार हाती घेतला, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना द्या. नटनट्यांचे आजचे वाढदिवस मुलंच तुम्हाला सांगतील.

दोन फोटोंचा प्रश्न राहिला. आपल्या दिनविशेषाची जुनी रीत घटना, जन्म, मृत्यू अशी आहे. त्या रीतीने अण्णा भाऊ आधी येतात आणि टिळक नंतर, यात कोणाचा मान-अपमान नाही; विचारणाऱ्याला सरळ ही रीत सांगा. पण क्रमापेक्षा मापाकडे लक्ष द्या. कितीतरी वर्षं आमच्याच धंद्यात टिळकांना फोटोसकट तीन परिच्छेद आणि अण्णा भाऊंना 'लोकशाहीर' एवढ्या एका शब्दावर वाटेला लावलं जायचं. फोटो सारख्या आकाराचे, हार सारखे, बोलायला वेळ सारखा. अण्णा भाऊंना नुसतं 'शाहीर' म्हणून थांबू नका. कथा, कादंबऱ्या, लोकनाट्य, १९६१ मधला रशियाचा प्रवास आणि त्यावरचं लेखन, हे सगळं त्या न शिकलेल्या माणसाचं आहे. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. म्हणजे जुलै महिन्यातच त्यांची पुण्यतिथी येऊन गेलेली असते, दोन्ही दिवशी तेच भाषण नको.

कितवी जयंती, कितवी पुण्यतिथी, यावरही दर वर्षी फलक चुकतात. इथे एकच वजाबाकी दोघांनाही चालते: चालू वर्षातून १९२० वजा करा. २०२६ ला १०६ वी जयंती आणि १०६ वी पुण्यतिथी. जन्माचा दिवसच पहिला धरून मोजणाऱ्यांचा आकडा एकाने फुगतो.

शेवटी तुमच्या वर्गातल्या मुलांचे वाढदिवस. १ ऑगस्टला ज्याचा वाढदिवस असेल त्याचं नाव दिनविशेषातच घ्या, वेगळं नको. आणि हजेरीपटावरून ही यादी करताना पालकांच्या पिढीची गंमत आठवा: मागच्या दोन-तीन पिढ्यांतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी ती ठोकून द्यायचे. हा 'दिनविशेष' एकट्या गुरुजींनी घडवला.

परिपाठासाठी मी लिहिला असता तर मजकूर साधारण असा झाला असता:

'आज १ ऑगस्ट. १९२० साली आजच्या दिवशी गांधीजींनी इंग्रज सरकारने दिलेली पदकं परत केली आणि असहकाराला सुरुवात केली. त्याच दिवशी वाटेगावात तुकाराम साठे या मुलाचा जन्म झाला. तो शाळेत जेमतेम एक-दोन दिवस गेला, पायी मुंबईला आला, गिरणीत राबला आणि अण्णा भाऊ या नावाने मोठा लेखक झाला. त्याच दिवशी, मध्यरात्रीनंतर, मुंबईत लोकमान्य टिळकांचं निधन झालं. टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या होत्या. त्याच गिरणगावात पुढे अण्णा भाऊंचे पोवाडे घुमले. नाचाने सगळ्यांना हसवणारे भगवानदादा हेही गिरणी कामगाराचे चिरंजीव, त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा. आज महसूल दिनही आहे: आपल्या गावच्या जमिनीच्या हिशेबाचं नवं वर्ष आजपासून सुरू होतं. आणि आज आपल्या शाळेतल्या...' पुढे मुलांची नावं.

वाचायला दीड मिनिटाच्या आत होतं. दक्षिण सातारा, ज्युलियन तारखा, शेले आणि प्रिस्टले हे फलकावर नको. कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून टाचणवहीत ठेवा. मजकूर आदल्या दिवशी वाचणाऱ्या मुलाच्या हाती द्या आणि 'असहकार' व 'महसूल' हे दोन शब्द त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. ऐन वेळी तो अडखळतो तो तिथेच.